‘अवघ्या ३५ मिनिटांत’ : हा हिशेब चुकतो कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दोन लहान विमानतळांमध्ये सेवा सुरू झाली की ‘अवघ्या ३५ मिनिटांत’ असे मथळे येतात. हवाई अंतराला विमानाच्या वेगाने भागून काढलेला हा आकडा बहुधा खोटा पडतो, तोही नेहमी कमीच निघून.

अंतराबद्दल तक्रार नाही. संकेतस्थळे पृथ्वीच्या गोलाईवरचे सर्वांत कमी अंतर देतात आणि ते गणित बरोबर असते. एकक तेवढे तपासावे : नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९चा. गल्लत झाली की १५ टक्क्यांचा फरक.

गडबड वेगात आहे. ३०० किलोमीटरचा टप्पा घ्या. सत्तर आसनी टर्बोप्रॉप (पंख्याच्या इंजिनांचे विमान) ताशी ५०० किलोमीटरने जाते, म्हणून ३६ मिनिटे, असा हिशेब मांडतात. पण हा वेग वर सरळ उडतानाचा. १८ हजार फुटांवर चढायला साधारण १५ मिनिटे आणि ९० किलोमीटर लागतात, तेही बऱ्याच कमी वेगाने. उतरताना दर नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट या उताराने ६० नॉटिकल मैल, म्हणजे १११ किलोमीटर आधीच खाली यायला सुरुवात करावी लागते. पूर्ण वेगाने कापायला उरले जेमतेम १०० किलोमीटर! जेट आणूनही इथे फारसे साधत नाही. १० हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची (ताशी २५० नॉटिकल मैल, म्हणजे ४६३ किलोमीटर) मर्यादा असते, त्यामुळे कागदावरची (३६ऐवजी २२ मिनिटे, म्हणजे) १४ मिनिटांची बचत प्रत्यक्षात निम्म्यावर येते.

उरलेला वेळ जमिनीवर जातो. अनेक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे (विमानांना जमिनीवर ये-जा करण्याचा रस्ता) नसतो. उतरलेले विमान टोकाशी वळून धावपट्टीवरूनच परत येते, आणि तोवर दुसऱ्याला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वारा उलटा असेल तर पलीकडच्या टोकाकडून उतरण्यासाठी वळसा घ्यावा लागतो, त्यात पाच-दहा मिनिटे सहज जातात. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल, तर सरळ उड्डाणाचा वेग ५०० वरून ४२० होतो. जाण्या-येण्याच्या वेळा म्हणूनच वेगळ्या छापाव्यात.

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. ३०० किलोमीटरला तो तासाच्या आसपास भरतो. बातमीत तोच द्यावा. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत फरक असेल, तर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ नुसती वजा करू नये. थेट सेवा नसेल, तर सरळ रेषेतले अंतर छापण्यात अर्थच नाही. मधल्या विमानतळापर्यंतचे दोन्ही टप्पे आणि तिथला थांबा मिळूनच वेळ सांगावा. चेक-इन किती आधी बंद होते, तेही सोबत द्यावे. रेल्वेशी तुलना करणाऱ्या वाचकाला हाच आकडा लागतो.

आपला,
हवाई वाहतुकीचा एक अभ्यासक