विषय: न सोडवता बंद केलेली माझी तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरला मी पाचवा फोन केला. एकोणीस मिनिटं बोलणं झालं आणि फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. निवारण झालेलं नाही. तक्रार मी केली होती, तेव्हा ती मिटली की नाही हे मला विचारायला हवं होतं.

तुमचा हेडसेट मी १,८४९ रुपयांना घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'मोबाइल, लॅपटॉप, डेस्कटॉप, सगळ्यांना चालतो'. माझ्या डेस्कटॉपवर कानात आवाज येतो, माइक मात्र पहिल्या दिवसापासून मुका आहे.

पहिला फोन करण्याआधी मी काय काय तपासलं, ते तुमच्या पाचही माणसांना सांगितलं आहे. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुटला योग्य माइक निवडला. प्रायव्हसीमध्ये डेस्कटॉप अ‍ॅपना माइकची परवानगी दिली. माइक म्यूट नाही हे पाहिलं, व्हॉल्यूम शंभरवर नेला, बूस्ट वाढवला. व्हॉइस चॅटच्या अ‍ॅपमध्ये वेगळा माइक निवडलेला नाही हेही बघितलं. तरी प्रत्येक फोनवर सुरुवात तीच: 'मॅडम, माइक म्यूट आहे का बघा.' तिसऱ्या वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला लावला. चौथ्या वेळी सांगितलं, मदरबोर्ड खराब असेल, बदलून घ्या. तुमच्या १,८४९ रुपयांच्या वस्तूसाठी मी मदरबोर्ड बदलायचा?

दोष मीच शोधला. तुमच्याच कंपनीचा जुना हेडसेट माझ्याकडे सहा वर्षं होता. त्याला दोन पिना होत्या, हिरवी आणि गुलाबी. नव्याला एकच पिन आहे आणि तिच्यावर तीन काळ्या रेघा आहेत. म्हणजे पिनचे चार भाग झाले: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक. मोबाइलला आणि बऱ्याच लॅपटॉपना या चारही गोष्टींसाठी मिळून एकच भोक असतं. माझ्या सीपीयूला ऐकण्यासाठी हिरवं आणि माइकसाठी गुलाबी, अशी दोन भोकं आहेत. तुमची पिन हिरव्यात घातली तर नुसतं ऐकू येतं. गुलाबीत घातली तर माइकच्या जागी कानाचा कप्पा जोडला जातो. मी करून पाहिलं. डाव्या कानाच्या कप्प्यावर बोटाने टकटक केली की इनपुटची पट्टी जराशी हलायची, माइकच्या दांडीवर केली की ढिम्म. माइक आणि कान वेगळे करणारी जोडवायर मध्ये लावावी लागते. दुकानदार तिला स्प्लिटर म्हणतात. मला ती १८० रुपयांना मिळाली आणि माइक त्याच मिनिटाला बोलू लागला. ती तुमच्या खोक्यात नाही आणि तिची गरज लागेल असं खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या पिनवर किती रेघा आहेत हे तुम्हाला ठाऊक असणारच. मग पाच फोनमध्ये एकानेही 'तुमच्या कॉम्प्युटरला भोकं किती?' एवढं का विचारलं नाही?

कालचा फोन मी मदत मागायला केलाच नव्हता. दोष सापडलाय, तो लिहून घ्या, पुढच्या ग्राहकाचा वेळ वाचेल, एवढं सांगायला केला होता. तीन रेघा, दोन भोकं, जोडवायर, सगळं सावकाश सांगितलं. तुमचा माणूस ऐकून घेऊन म्हणाला, "काकू, घरात कोणी जेन्ट्स आहेत का?"

मी विचारलं, "कशाला?"

"त्यांच्याकडे फोन द्या ना. टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो."

मी म्हटलं, "तुम्ही समजावायचं नाहीये, मी सांगतेय ते लिहून घ्यायचंय."

तर म्हणाला, "काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मुलगा संध्याकाळी घरी आला की त्याला विंडोज फॉरमॅट करायला सांगा."

व्यवस्थापक, मी अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली. १९८१ साली परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर हेडसेट चढवला. पुढे कित्येक वर्षं १९८ वर लोकांच्या बिघाडाच्या तक्रारी घेतल्या. जुन्या फोनच्या माइकमध्ये कोळशाचे कण असायचे आणि एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर तो बोलायचा, हे मी त्या मुलाच्या जन्माआधी शिकले आहे. तक्रार आली की आम्ही डॉकेट नंबर द्यायचो आणि लाइन सुरू झाल्यावर ग्राहकाला उलटा फोन करून विचारायचो, बोला, ऐकू येतंय का? तो हो म्हणाला की मगच डॉकेट बंद. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात म्यूट आणि फॉरमॅट एवढंच लिहिलेला कागद तुम्ही दिलात आणि बाईचा आवाज आला की घरातला पुरुष मागायची मोकळीकही दिलीत.

रोज रात्री आठ ते नऊ मी एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचून दाखवते. स्कॅन केलेली पानं मोठ्या पडद्यावरच मला नीट दिसतात, म्हणून डेस्कटॉप. तुमच्या हेडसेटपायी अकरा संध्याकाळी गेल्या. मला त्याचा आवाज यायचा. "हॅलो, ताई? आहात का?" मी इकडे बोलत असायचे आणि त्याला काहीच पोचत नव्हतं. टाइप केलेलं त्याचा फोन वाचून दाखवतो, पण तीस पानं मी टाइप करून पाठवायची? परीक्षा जवळ आलेल्या मुलाच्या त्या अकरा संध्याकाळी तुम्ही भरून देऊ शकत नाही.

जुना हेडसेट चांगला होता म्हणूनच दुसऱ्या कोणाचा न बघता तुमचा घेतला. आता त्याची खंत वाटते.

माझी तक्रार पुन्हा उघडा आणि ती न सोडवता बंद केली होती असं लेखी कळवा. जोडवायरचे १८० रुपये परत करा. यापुढे ती खोक्यात घाला, नाहीतर 'डेस्कटॉप' हा शब्द खोक्यावरून काढा. आणि घरातला पुरुष मागितल्याबद्दल कंपनीच्या नावाने माफी मागा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला कळवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. बिल, खोक्याचे फोटो आणि पाचही फोनच्या तारखा व वेळा वहीत लिहून ठेवल्या आहेत.

फोन करणार असाल तर रात्री आठ ते नऊ सोडून करा. त्या वेळी माझं वाचन चालू असतं.

एक ग्राहक,
निवृत्त टेलिफोन ऑपरेटर