साहेब, रिपीट करायचं की नाही हे जुलैत ठरवावं लागतं

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

एमबीबीएस प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीच्या तारखा पुन्हा पुढे गेल्या, म्हणून हे पत्र. १ सप्टेंबर २०२५ पासून वर्ग सुरू, असं कागदावर होतं. ऑक्टोबर उजाडला, भात कापणीला आलं, आणि फेऱ्या चालूच होत्या. केंद्राची समिती तारीख ढकलते म्हणून राज्यालाही ढकलावी लागते, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. कृपया तेच पुन्हा पाठवण्याची तसदी घेऊ नये.

तारीख पुढे गेली तर बिघडलं काय, असं आपल्या कार्यालयाला वाटत असेल. काय बिघडलं ते सांगतो. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचा, २०२५ चा निकाल १४ जूनला लागला. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या, म्हणजे रिपीटरच्या, क्लासच्या बॅचेस जूनअखेर ते जुलैत सुरू होतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला मुलगा त्यासाठी लातूरला, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला जातो. क्लास, होस्टेल आणि मेस धरून वर्षाचा खर्च दोन लाखांच्या आत सहसा बसत नाही. त्यातला मोठा हप्ता प्रवेशाच्या वेळीच मोजून घेतात आणि तो परत मिळत नाही. म्हणजे रिपीट करायचं की नाही याचा निर्णय जुलैत होतो. त्या वर्षीच्या गुणांवर जागा मिळाली असती की नाही हे मात्र शेवटच्या फेरीनंतर, दिवाळीच्या तोंडावर कळतं. थांबून पाहावं तर तोवर क्लासमध्ये अकरावीचा निम्मा फिजिक्स उरकलेला असतो. या चार महिन्यांच्या फटीत कोकणातली घरं पैसे ओततात, आणि आपण प्रसिद्धिपत्रक काढता.

बरं, मागच्या वर्षीच्या गुणांवरून अंदाज बांधावा, तर तीही सोय राहिलेली नाही. २०२४ ला ७२० पैकी ६५० च्या वर देशभरात तीस हजारांच्या आसपास मुलं होती. सुरुवातीच्या निकालात तर ६७ जणांना पैकीच्या पैकी होते. पुढे वाढीव गुण, १,५६३ जणांना फेरपरीक्षेची मुभा आणि सर्वोच्च न्यायालय असं सगळं होऊन ती संख्या १७ वर आली. २०२५ ला पहिल्या आलेल्यालाच ६८६ गुण, आणि ६५० च्या वर देशात शंभरसुद्धा मुलं नाहीत. मग ‘गेल्या वर्षी ६०० ला सरकारी कॉलेज गेलं, आपले ५२० आहेत, काही खरं नाही’ असं म्हणून पालक जूनमध्येच रिपीटचे पैसे भरून मोकळे होतात. गुण नव्हे, क्रमांक बघा, हे आम्ही घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. पण राज्य गुणवत्ता यादीतला कुठला क्रमांक कुठल्या फेरीत, कुठल्या प्रवर्गातून, कुठल्या कॉलेजात थांबला, हे एका पानावर देणारा एक कागद सरकारकडून सहजासहजी हाती लागत नाही. मिळतात त्या निवड याद्या. शेकडो पानांच्या, कॉलेजच्या सांकेतिक क्रमांकांनी भरलेल्या. त्यातून शेवटचा क्रमांक शोधून काढणं हे काम खाजगी सल्लागार करतात, आणि त्याचे पंधरा-वीस हजार घेतात. माहिती सरकारची, धंदा त्यांचा.

‘पात्र’ या शब्दाने तर किती घरं फसतात. २०२५ ला खुल्या गटाची पात्रता १४४ गुणांची होती आणि देशात बारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. १६० गुणांचा निकाल घेऊन पेढे वाटणाऱ्या बापाला हे समजावणं आमच्या वाट्याला येतं, आपल्या नव्हे.

रिपीट करावं की नाही हे ठरवायची एक साधी रीत आहे आणि ती आपण दहा ओळींत छापू शकला असतात. ओएमआरची, म्हणजे आपल्या उत्तरपत्रिकेची, प्रत आणि अंतिम उत्तरसूची शेजारी ठेवायची. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करायचे: येतच नव्हतं ते, येत असून घाईत चुकलं ते, आणि तुक्का मारलेलं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. तुक्क्याचे ३० प्रश्न चुकले असतील, तर ते नुसते कोरे सोडले तरी ३० गुण वाढतात. घाईतले ३० बरोबर आले तर प्रत्येकी पाच, म्हणजे १५० वाढतात. बायोलॉजी ३६० पैकी २६० च्या खाली आणि चुका एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळींतल्या असतील, तर एका वर्षात ती कसर भरून निघते. फिजिक्स १८० पैकी ५० आणि ‘येतच नव्हतं’चा ढीग मोठा असेल, तर गोष्ट निराळी. तिथे अकरावीचं गणित कच्चं असतं, आणि टेस्ट सिरीजने ते पक्कं होत नाही. दुसऱ्यांदा रिपीट करणाऱ्यांत हीच मुलं जास्त दिसतात. नियमाने परीक्षा कितीही वेळा देता येते, वरच्या वयाची अट नाही. त्यामुळे थांब म्हणणारं कुणीच नसतं, क्लासवाले तर नाहीतच.

बीएएमएसला (आयुर्वेदाच्या पदवीला) प्रवेश घेऊन बाजूने नीटची तयारी करण्याचा मार्गही बरेच जण धरतात. तिथे फी अडकते, मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकतात, आणि हजेरी सांभाळताना अभ्यास मागे पडतो. फेऱ्यांचे नियम वेगळेच. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्या बंद. स्टेटस रिटेन्शन (मिळालेली जागाच कायम ठेवतो, असा अर्ज) भरलं की बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरची जागा मिळण्याची संधी, संपलं. हे कळतं बहुधा भरून झाल्यावर. त्यात पसंतीक्रम भरायचे दिवस भर पावसात, तळकोकणात वीज आणि रेंज दोन्ही गायब असतानाचे.

आणि रिपीटरचे कागद! ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. मधल्या वर्षाचं, म्हणजे गॅपचं, प्रतिज्ञापत्र वेगळं. जात वैधता एकदाच लागते, पण ती वेळेत हातात नसेल तर राखीव गटातला मुलगा डोळ्यांदेखत खुल्या गटाच्या रांगेत जातो. मे महिन्यात तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्यांना विचारा.

बारावीत कोकण मंडळ दर वर्षी राज्यात पहिलं. २०२४ ला ९७.५१ टक्के, २०२५ ला ९६.७४. सत्कार होतात, फोटो छापून येतात. त्याच मुलांना नीटसाठी जिल्हा सोडावा लागतो. सिंधुदुर्गला २०२१ ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, रत्नागिरीला २०२३ ला, दोन्हीकडे शंभर-शंभर जागा. आनंद आहे. पण सावंतवाडी-दोडामार्गचा अत्यवस्थ रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातच न्यावा लागतो, आणि गोव्याने २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आपल्या राज्याला जाग आली. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून होतोच आहे. जिथे रस्ता पंधरा वर्षांत होत नाही, तिथे प्रवेशाची फेरी वेळेवर व्हावी ही अपेक्षा उद्धटपणाची वाटत असेल, तर तसं स्पष्ट कळवा. निदान पालक त्या हिशेबाने पैसे ठेवतील.

परीक्षा केंद्राची आहे, ठाऊक आहे. पण ८५ टक्के राज्य कोट्याच्या फेऱ्या राज्य सरकारच्या हातात आहेत. नीटच्या निकालानंतर आठ दिवसांत मागच्या तीन वर्षांचे फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय शेवटचे क्रमांक मराठीत एका तक्त्यात द्या. गुणांसोबत क्रमांक असू द्या. रत्नागिरी आणि ओरोसच्या (सिंधुदुर्ग) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जून ते ऑक्टोबर एक मदत कक्ष उघडा, जिथे पसंतीक्रम भरून देणारा माणूस बसेल, पाटी नव्हे. आणि तारीख बदलणार असेल तर आदल्या रात्री अकराला नव्हे, चार दिवस आधी सांगा. सावंतवाडीहून मुंबईजवळच्या दिव्याला आणि परत असा रेल्वेचा प्रवास एका सहीसाठी करणाऱ्यांना तेवढं पुरेल.

उत्तराची अपेक्षा आहे. पोच नको, पोच आमच्याकडे बऱ्याच आहेत.

कळावे,
बारावी विज्ञान शाखेचे काही शिक्षक व पालक,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग