पितळेच्या भावात लोखंड: अधिवेशनाच्या व्यवस्थेबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
समारंभ व अधिवेशन विभाग,
अलकापुरी, वडोदरा

विषय: आमच्या प्लेटिंगवाल्यांच्या वार्षिक अधिवेशनातील प्रात्यक्षिक व स्मृतिचिन्हे; ₹89,000 बिलातून वजा करण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमचे शेठ दांडिया बाजारातले, मी प्रतापनगरचा. सगळी बोलणी मराठीतच झाली, तेव्हा तक्रारही मराठीतच लिहितो.

आधी चांगलं झालं ते. स्टेशनवर गाड्या वेळेवर होत्या, लुधियाना-राजकोटकडच्या पाहुण्यांना खोल्या नीट मिळाल्या आणि रविवारची शेवउसळ पुणेकरांनीसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतली. त्याचे पैसे एक रुपया न कापता मिळतील.

आता प्रात्यक्षिकाचं. गणपतीत पहिली बैठक झाली तेव्हाच तुम्हाला दोन पानी यादी दिली होती. आम्ही प्लेटिंगवाले, म्हणजे विजेने धातूवर निकेल-क्रोमचा थर चढवणारे, नुसती भाषणं ऐकायला जमत नाही. जॉब, म्हणजे थर द्यायचा नग, कडेला का जळतो, खोलगट भागात काळपट का राहतो, हे नव्या मुलांना हल सेलवर दाखवायचं असतं. हल सेल म्हणजे 267 मिलिलिटरचा छोटा डबा, त्यात टाकीतलं द्रावण भरून पितळेची पट्टी तिरपी उभी करायची आणि दोन अँपिअर पाच मिनिटं सोडायचे. पट्टीच्या एका टोकाला करंट भरपूर, दुसऱ्या टोकाला जेमतेम, त्यामुळे एकाच पट्टीवर अख्ख्या टाकीची तब्येत कळते. (267 हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण त्यात दोन ग्रॅम माल टाकला की जुन्या अमेरिकी मापाने गॅलनला एक औंस होतो. असो.) एवढ्यासाठी मागितलं काय, तर 15 अँपिअरचे दोन वेगळे, अर्थिंगवाले प्लग, जवळ एक नळ आणि खाली रबरी चटई. निकेलचं द्रावण 50-55 अंशांपर्यंत तापवावं लागतं म्हणून हीटर लागणार, हेही यादीत होतं.

मिळालं ते मखमली झालरीचं टेबल, खाली लाल गालिचा आणि कॉफी मशीनच्याच बोर्डातून ओढलेलं एक एक्स्टेंशन. दारावर तुमच्या माणसांनी पाटी लावली, ‘हॉल सेल’. शेजारी साखरपुडा होता. तिथल्या दोन बायका आत डोकावून साड्या कुठल्या बाजूला लागल्यात, असं विचारून गेल्या. तिथवर मीही हसलो. मग आम्ही हीटर लावला, त्याच वेळी कोणीतरी कॉफी सुरू केली आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडला तो व्यासपीठावरच्या माईकसकट. जास्त विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोम सोडून कमी घातक ट्रायव्हॅलंटवर कसं जायचं, यावरचं व्याख्यान तिथेच तुटलं. तुमच्या वायरमनने हीटर पुन्हा लावायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं, त्या वायरवर मीही लावला नसता. प्रात्यक्षिक रद्द झालं. मकरपुरा जीआयडीसीतली तीस-एक मुलं त्या दिवसाची पाळी बुडवून आली होती, ती चहा पिऊन परत गेली.

तरी हे एक वेळ विसरलो असतो. स्मृतिचिन्हं नाही विसरत.

तुमच्या मान्यतापत्रात लिहिलंय: पितळ, त्यावर 10 मायक्रॉन निकेल, वर क्रोम; 60 नग. आमचे तीन सभासद हे काम फुकटात करून द्यायला तयार होते. तुमच्याकडचा मुलगा म्हणाला, “काका, तुम्ही पाहुणे सांभाळा, बाकी आमच्यावर सोडा.” सोडलं.

रविवारी सकाळी बाहेरगावचे सभासद सूरसागर तलावावर जाऊन 111 फुटी महादेवाच्या मूर्तीवरचं सोनं बघून, त्यावर तासभर वाद घालून आले होते. म्हणजे सगळ्यांची नजर थरावरच. त्यात पहिलं स्मृतिचिन्ह आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांच्या हातात गेलं. वय 78, त्यातली पन्नास वर्षं पॉलिश-प्लेटिंगमध्ये. त्यांनी सवयीने कडेवर अंगठ्याचं नख फिरवलं, आणि कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा थर नखावर आला. काही न बोलता त्यांनी तो पापुद्रा रुमालावर ठेवून मला दाखवला. समोरच्या रांगेतून आवाज आला, “डायरेक्ट क्रोम आहे वाटतं!” म्हणजे खाली निकेलच नाही. सगळं सभागृह हसलं. मला मात्र मान वर करवेना.

जेवणानंतर आम्ही खात्री केली. चुंबक लावला. निकेलमुळे तो जरासा ओढला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हा खट्कन चिकटला. मग कानशीने कड घासली आणि प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या, कोणी न उघडलेल्या बाटलीतला मोरचुदाच्या (तांब्याच्या क्षाराच्या) पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. बघता बघता तिथे तांबूस डाग धरला. पितळेवर असा डाग धरत नाही, लोखंडावर धरतो. पाच नग तपासले, पाचही तसेच. दोन दिवसांत घासलेल्या जागी गंजही आला.

यावर फोन केला तर उत्तर मिळालं, “फोटोत तर छान दिसतायत.” वर काल व्यवस्थेला पाच तारे द्या, असा मेसेजही आला.

हिशेब सरळ आहे. स्मृतिचिन्हांचे ₹51,000 आणि प्रात्यक्षिक व्यवस्थेचे ₹38,000, मिळून ₹89,000 वजा करून सुधारित बिल पाठवा. उरलेली रक्कम त्याच आठवड्यात भरतो. बदली नग नकोत. ते आता आमचे सभासदच करतील आणि घरोघरी पोचवतील. जुने नग तुमच्या माणसाने येऊन घेऊन जावेत. मात्र तपासलेले पाच मी ठेवून घेणार आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हे पाच नग आणि तुमचं मान्यतापत्र घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

नग बघायचे असतील तर मकरपुऱ्यात माझ्या वर्कशॉपवर सकाळी दहानंतर कधीही या.

आपला,
कार्यवाह, अधिवेशन समिती

सोबत: मान्यतापत्राची प्रत, दोन पानी यादीची प्रत, पाच नगांचे फोटो