आधी भरती, मग पायलट? आधी वयाचा हिशोब करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या करिअरच्या सदरात बारावीच्या एका मुलाने विचारलं होतं, की हवाई दलात वैमानिक व्हायचं तर आधी अग्निवीर म्हणून भरती व्हावं का. त्याला उत्तर मिळालं, "हरकत नाही, आत गेल्यावर मार्ग मोकळे होतात." हेच वाक्य मी १९८५ साली एसटी स्टँडवर एका ओळखीच्या माणसाकडून ऐकलं होतं आणि त्याच्या भरवशावर मुंबईला कॉटन ग्रीनच्या भरती केंद्रात जाऊन उभा राहिलो होतो. म्हणून हे पत्र.

मी सव्वीस वर्षं हवाई दलात काढली. सांबऱ्याला म्हणजे बेळगावला रंगरूटपण, तांबरमला ट्रेडचं शिक्षण, मग एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, म्हणून तेजपूर, जोधपूर, शेवटी लोहगाव. ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. पहिल्यांदा रजेवर आलो तेव्हा गावात "पायलट आला, पायलट आला" झालं. आईने कुणालाच दुरुस्त केलं नाही. मीही नाही केलं. वाटायचं, आज नाही तर दोन वर्षांनी खरंच होणार आहोत, मग आत्ताच कशाला खुलासा करायचा?

तेजपूरला मिग-२१ वर नवे वैमानिक तयार होत. माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी पोरं. वैमानिक आधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करायचा, विमानाभोवती एक फेरी मारायचा आणि शिडी चढून आत बसायचा. त्याच्या मागोमाग मी शिडीवर. खांद्याचे पट्टे ओढून आवळायचे, ऑक्सिजनची नळी नीट बसली का बघायचं, मग इजेक्शन सीटच्या लाल फडकं लावलेल्या सेफ्टी पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या. तो मान हलवायचा. मी खाली उतरायचो, शिडी काढायचो, आणि ते विमान धावपट्टीच्या टोकाकडे निघून जायचं. आसामातल्या दमट सकाळी पाठीला ओव्हरऑल चिकटलेला असायचा. कॉकपिट माझ्यापासून एक हातावर होतं. असं किती वेळा झालं मोजलं नाही, हजाराच्या खाली नक्की नसेल.

तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या नोकरीने दोन बहिणींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला, आज पेन्शन आहे, कॅन्टीनचं कार्ड आहे. विमान सोडताना त्याच्या कागदावर आपली सही असते, आणि त्या सहीवर एक माणूस वर जातो, हा मान छोटा नाही. पण ती शिडी पायलट होण्याची शिडी नव्हती, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. वैमानिकाला पदवी लागते म्हणून मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. करायला घेतलं. ते विद्यापीठच १९८९ साली निघालं. रात्रपाळी, बदल्या, मध्येच एखादा सराव लागला की परीक्षा बुडाली. पदवी हातात पडली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि उड्डाण शाखेची वयोमर्यादा केव्हाच मागे पडली होती. परवानगीचा अर्ज घेऊन गेलो तर ऑर्डर्ली रूममधल्या कारकुनाने जन्मतारीख बघितली आणि कागद परत दिला. हसला नाही, एवढं त्याचं भलं व्हावं.

आता चाळीस वर्षांनी धाकट्या भावाचा मुलगा समोर येऊन बसला. बारावी सायन्स, गणितात बरा. गावोगाव भरतीच्या ज्या अकॅडम्या निघाल्यात, त्यातल्या एकीत त्याचे पैसे भरून झाले होते. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळायला जातो. एअरमन म्हणजे हवाई दलातला जवान, अधिकारी नव्हे. म्हणाला, "तात्या, आधी एअरमन म्हणून आत शिरतो, मग आतून परीक्षा देऊन पायलट होतो. सर म्हणतात, आतल्यांना आधी घेतात." मोबाइलवर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओही दाखवला. तो म्हणत होता, सैन्यात शिपाई म्हणून जा आणि तिथून हेलिकॉप्टरवर. त्याचं खरं आहे, पण त्याच्या देशात. अमेरिकेच्या लष्करात वॉरंट ऑफिसर हेलिकॉप्टर चालवतात आणि त्याला पदवी लागत नाही. आपल्याकडे वैमानिक कमिशन्ड ऑफिसरच असतो. एअरमनमधून फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर होता येतं, म्हणजे विमानात बसून उडायला मिळतं. माझा एक जोडीदार गनर झालाही, अजून त्याच्या गप्पा संपत नाहीत. पण स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, त्याच्या हातात नव्हती.

अकॅडमीच्या भिंतीवर हरजिंदर सिंगांचा फोटो आहे म्हणे, हवाई सिपाही ते एअर व्हाइस मार्शल. थोर माणूस, वादच नाही. पण इंजिनिअरिंगचं शिक्षण घेऊन ते सिपाही झाले होते, आणि त्यांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं ते तांत्रिक कामात, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. त्या फोटोखाली ही ओळ कुणी लिहीत नाही.

मी पोराला वही काढायला लावली. त्यात काय लिहिलं तेच इथे देतो, कारण आपल्या सदरात नेमकं तेवढंच राहून गेलं.

एनडीएला, म्हणजे बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय चालतं. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित पाहिजे. परीक्षा वर्षातून दोनदा. गेल्या काही वर्षांच्या जाहिराती बघितल्या तर दर परीक्षेला हवाई दलाच्या १२० जागा असतात, त्यातल्या ९२ उड्डाणाच्या. अर्जाची फी शंभर रुपये, आणि मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तीही नाही. दुसरीकडे अग्निवीरवायूला, म्हणजे हवाई दलाच्या अग्निवीर भरतीला, साडेसतरा ते एकवीस. आता या दोन ओळी एकाखाली एक ठेवा. एक दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होतं, दुसरं एकविसाव्या वर्षी. मग उशिरा बंद होणाऱ्या दारातून आधी आत जायचं कशाला? एनडीएच्या तीन-चार परीक्षा देऊन, हरून, मग भरतीच्या रांगेत उभं राहिलं तरी वय शिल्लक राहतं. उलट केलं तर राहत नाही. माझ्या भावाला हे पटायला दोन मिनिटं लागली. अकॅडमीच्या सरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

भरतीनंतर काय उरतं तेही लिहिलं. पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस, या अधिकारी होण्याच्या परीक्षा. उड्डाण शाखेला वीस ते चोवीस वय, एएफकॅटला बारावीच्या फिजिक्स-गणितात पन्नास-पन्नास टक्के आणि पदवीला साठ. साडेअठराला अग्निवीर झालेला मुलगा साडेबावीसला बाहेर पडणार, कारण पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवीची सोय केली आहे, निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. माझ्या वेळेपेक्षा हे कितीतरी चांगलं. म्हणजे रस्ता अगदी बंद नाही, कुणी जिद्दीचा असेल तर त्याला दीड वर्षाची फट सापडेल. पण चार वर्षं ड्युटी करून, गणिताची वही बंद ठेवून, त्या फटीतून जायचं आहे. आणि माझ्यासारखी वीस वर्षांची हमी आता मागे नाही. पहिल्या वर्षी तीस हजारांतले नऊ हजार निधीत कापून एकवीस हातात, शेवटी एकरकमी पैसे, पेन्शन नाही. घरी खायला तोंडं असतील, बाप आजारी असेल, तर मुलाने जरूर जावं, अभिमानाने जावं. त्याला "पायलट होशील" असं सांगून पाठवू नये इतकंच.

एक वेगळी वाट आहे, तीही सांगितली पाहिजे. आर्मी कॅडेट कॉलेज. तिन्ही दलांतल्या जवानांना दोन वर्षं सेवेनंतर, वीस ते सत्तावीस वयात, तिथून लष्कराचा अधिकारी होता येतं. पूर्वी ते पुण्यात होतं, १९७७ पासून डेहराडूनला आहे. आमच्या सेक्शनमधला एक अबोल पोरगा तिथून गेला. लष्करात अधिकारी झाल्यावर आर्मी एव्हिएशन मागता येतं आणि त्यांचे वैमानिक आपल्या नाशिकलाच तयार होतात. शिपाई ते वैमानिक असा खराखुरा रस्ता कुठे असेल तर तो हा. मात्र तो निळ्या नाही, हिरव्या गणवेशातून जातो. आपल्या सदरात याचा उल्लेख असायला हवा होता.

आणखी दोन गोष्टी अकॅडमीत कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, वैमानिकाची जी यंत्रावरची चाचणी असते, सीपीएसएस, ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की एनडीएतून जा, एएफकॅटमधून जा, उड्डाण शाखा संपली. म्हणजे "सहज बघून येऊ" म्हणून मुलाखतीला जायचं नाही. दुसरी, शरीराची मापं. मी पोराला गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकवून पाय ताणून बसवला आणि शिंप्याची टेप लावली. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर पाहिजे, याची १०३ भरली. मांडी ६४ च्या वर चालत नाही, ५७. बसलेली उंची साडे एक्याऐंशी ते शहाण्णव, ८७. उभी उंची किमान एकशे साडेबासष्ट, हा १६८. म्हैस मान वळवून बघत होती. पोरगं म्हणालं, "तात्या, हे आधी का कुणी मोजलं नाही?" दुसऱ्या दिवशी साताऱ्याला नेऊन डोळे आणि रंगांची ओळख तपासून घेतली. खर्च अकॅडमीच्या एका महिन्याच्या फीच्या निम्मासुद्धा आला नाही.

छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते, नाशिकला आता मुलींसाठीही तशी संस्था आहे. आमच्या पोराचं ते वय गेलं, पण तुमच्या वाचकांत नववी-दहावीचे आईबाप असतीलच. ज्यांना पदवीपर्यंत थांबणं परवडतं त्यांनी कॉलेजात एनसीसीची एअर विंग बघावी. 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळापुढे जाता येतं.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या सदरात वयाचा हा तक्ता छापावा, मोठ्या अक्षरात. शक्य तर जूनच्या आत, कारण निकाल लागले की अकॅडम्यांच्या जीपगाड्या भोंगे लावून गावात फिरायला लागतात.

पुतण्याने एनडीएचा अर्ज भरला. फोटोची फाइल मोठी होते म्हणून सायबर कॅफेत तीनदा जावं लागलं. पहाटेचं पळणं चालू आहे, अकॅडमी बंद केली. संध्याकाळी त्रिकोणमितीत अडलं की वही घेऊन माझ्याकडे येतो, आणि मला त्यातलं आता फारसं येत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ज्युनियर वॉरंट ऑफिसर
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव छापू नये.)