गेम मास्टर ताईंना, मनापासून आभार

ताई,

धरमपेठ, सीताबर्डीतल्या कितीतरी पोरापोरींना टेबलटॉप रोलप्लेइंगची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाची, गोडी तुमच्यामुळे लागली. गेम मास्टर म्हणून गोष्ट आणि नियम दोन्ही तुम्ही सांभाळता. आता नवी टेबलं चालवताना आम्ही तुमचीच पद्धत वापरतो, म्हणून हे जाहीर आभार.

जाड पुस्तकांच्या किमती पाहूनच नवखे मागे फिरतात. यातल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात, हे तुम्ही सगळ्यांत आधी सांगता. पाच जणांत सात फाशांचा एक संच पुरतो. वीस बाजूंचा फासा नसेल, तर तीन साध्या फाशांची बेरीज तुम्ही चालू देत नाही आणि ते बरोबरच आहे. बेरीज दहा-अकराच्या आसपास घुटमळते, एक किंवा वीस कधी पडतच नाही. त्यापेक्षा डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या. वाचलेली चिठ्ठी परत टाकायची, नाहीतर पुढच्याची शक्यता बदलते.

पहिल्या दिवशी कॅरेक्टर, म्हणजे आपण खेळायची पात्रं, तयार करून आणायची, हाही तुमचाच आग्रह. नाहीतर अख्खी संध्याकाळ पात्राच्या माहितीचं शीट भरण्यात जाते आणि खेळ राहतो बाजूला.

सगळ्यांत जास्त ऋण मात्र तुम्ही रचलेल्या मनसरजवळच्या त्या काल्पनिक बंद खाणीच्या गोष्टीचं. खेळात वीस बाजूंच्या फाशावरच्या आकड्यात कौशल्याचे गुण मिळवून आव्हानाचा आकडा गाठायचा असतो. कौशल्याला +५ असलं तरी १५ चं आव्हान पार करायला फाशावर किमान १० हवेत, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. पुढे जायचा एकमेव धागा अशा एका फाशावर टांगला, की जवळपास निम्म्या वेळा गोष्ट तिथेच अडते. तुमच्या खाणीत फासा फसला तरी दार उघडतं. फक्त कंदील विझतो, किंवा आवाजाने आतलं कोणीतरी जागं होतं.

लढाईचा तोलही तुम्हीच शिकवलात. चार खेळाडूंसमोर चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, बरोबरीचे वाटतात, पण २०१४ च्या नियमांच्या हिशेबात पहिल्या पातळीवरच्या, म्हणजे अगदी नवख्या, पात्रांसाठी ही चकमक थेट ‘प्राणघातक’ गटात जाते. जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो त्याचे गुण, जेमतेम सात. गॉब्लिनचा क्रिटिकल वार (फाशावर वीस पडल्यावरचा जबर वार) चौदापर्यंत जातो. शून्यावर येऊन उरलेलं नुकसान सात भरलं, की जीव वाचवायचे फासेसुद्धा मिळत नाहीत, माणूस जागीच संपतो. पहिल्याच तासात कॅरेक्टर गेलेला मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून दोनच गॉब्लिन.

आणि खेळाआधीची ती पंधरा मिनिटं! गोष्टीत काय नको, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता लिहायचं. कारण विचारायचं नाही. अबोल मुली त्यामुळेच टेबलावर टिकतात, असं आमचं ठाम मत आहे.

खाणीच्या नकाशाच्या झेरॉक्स आम्ही नव्या गेम मास्टरांना वाटतोय. तुमची परवानगी गृहीत धरली आहे, ताई.

तुमचीच,
धरमपेठेतली टेबल-मंडळी