मरळीवर फ्रॉग टाकायला शिकताय ना, मग पावसाळ्यात पिल्लांवरची मरळ सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदापूर तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरकाठी राहतो आणि लहानपणापासून गळ टाकत आलोय, आधी बांबूची काठी अन गांडूळ होतं, आता रॉड-रील आणि रबरी बेडूक म्हणजे फ्रॉग आहे. हल्ली शनिवार-रविवारी पुण्याहून, बारामतीहून, सोलापूरकडून पोरं बाईकला रॉड बांधून येतात, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेली असतात, उत्साह भरपूर असतो, आणि मला ते मनापासून आवडतं, कारण तासन् तास पाण्याकडे बघत उभा राहणारा पोरगा हळूहळू त्या पाण्याची काळजी करायला लागतो हे मी बघितलंय. पण त्यांना नीट सांगणारं कोणी नाही. दुकानदार सामान विकतो, व्हिडिओवाला मोठा मासा दाखवतो, आणि मासा कधी धरायचा नाही हे कोणीच सांगत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांब झालंय, जमलं तर पूर्ण छापा.

आपल्याकडच्या गोड्या पाण्यात ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, येणारे शिकारी मासे म्हणजे मुख्यतः मरळ, शिंगाळा आणि शिवडा. नवीन माणसानं मरळीपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ती काठाला असते, उथळ पाण्यात, जलपर्णीच्या कडेला, बेशरमाच्या झुडपात, पाणकणसात, म्हणजे होडी लागत नाही आणि लांब फेकही लागत नाही. शिवाय मरळ स्वतःच आपला पत्ता सांगते. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे सकाळी पाणी शांत असताना पंधरा-वीस मिनिटं काही न करता नुसतं बघत बसलं तर कुठंतरी गोल तरंग उठतो, मागं दोन-चार बुडबुडे येतात, आणि थोड्या वेळानं त्याच्याच आसपास परत. नवीन पोरं आल्या आल्या फेकायला लागतात, तसं करू नका, आधी बघा.

सामानावर पैसे घालवू नका हे पण सांगतो. साडेसहा-सात फुटी मीडियम हेवी रॉड, २५०० किंवा ३००० साईजचं स्पिनिंग रील, त्यावर ३० ते ४० पाउंडाची ब्रेड लाईन म्हणजे विणलेली दोरी, झालं. साधी तंगूस यासाठी चालत नाही कारण ती ताणते, मरळ चावल्याबरोबर झाडोऱ्यात घुसते आणि ताणणाऱ्या लाईननं हूक तिच्या हाडकाट तोंडात रुततच नाही. फ्रॉगला लीडर म्हणजे लाईन आणि ल्युअरच्या मधला वेगळा तुकडासुद्धा नको, ब्रेड थेट पालोमार गाठीनं बांधा, गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा. आणि ल्युअर म्हणाल तर सुरुवातीला दोन-तीन फ्रॉग पुरे, डबाभर रंगीत माल घ्यायची गरज नाही. एक काळपट, एक हिरवट, एक पांढरट. आणि एक नाकाडा पक्कड मात्र पाहिजेच, मरळीच्या जबड्यात बोट घालून हूक काढायचा विचार पण करू नका.

आता फ्रॉगबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मजा यातच आहे. हा पोकळ रबराचा बेडूक असतो, डबल हूक पाठीला चिकटून वर तोंड करून असतो, म्हणून तो जलपर्णीवरून, शेवाळावरून न अडकता सरकतो. नवा फ्रॉग घेतला की पायाच्या रबरी झालरी एकसारख्या कापा, एक बाजू लांब राहिली तर तो एकाच बाजूला ओढला जातो. हुकाची टोकं पक्कडीनं अगदी केसभर बाहेर वाकवा. हुकाची आडकाटी म्हणजे बार्ब दाबून टाका, मासा सुटेल ही भीती सोडा, लाईन ताणलेली ठेवली तर सुटत नाही आणि सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. चार-पाच फेकींनंतर फ्रॉगच्या पोटात पाणी शिरतं, ते दाबून काढत जा, नाहीतर त्याचं बूड खाली जातं आणि तो चालतच नाही.

फेकायचा तो मासा दिसला त्या जागेवर नाही, त्याच्या पलीकडं, जमलं तर काठावर किंवा पानावर, आणि तिथून हळूच पाण्यात उतरवायचा, खरा बेडूक उतरतो तसाच. मग रॉडचं टोक खाली ठेवून बारीक बारीक टिचक्या द्यायच्या, मोकळं पाणी आलं की थांबायचं. थांबणं फार महत्त्वाचं. मरळ बऱ्याचदा मागून येते, खाली उभी राहते, पाण्यावर नुसती फुगवटी दिसते आणि तेवढ्यात तुम्ही घाई करून ओढलं की गेली. आणि चावते तेव्हा ढब्बकन आवाज होतो, पाणी उडतं, आणि त्या क्षणी प्रत्येकाचा हात आपोआप रॉड उचलतो, तिथंच मासा जातो. आवाज झाला की उचलायचं नाही. रॉडचं टोक माशाकडं न्यायचं, मनात एक-दोन म्हणायचं, लाईनला जडपणा लागला की मग पूर्ण ताकदीनं. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक घट्ट पाहिजे, पहिल्या दोन-तीन सेकंदात तिचं डोकं झाडोऱ्याबाहेर काढलं तर ती तुमची. चुकली तर लगेच त्याच जागी परत टाका, मरळ रागीट असते, पुन्हा येते.

हे सगळं मार्च ते मेमध्ये शिका. पाणी उतरलेलं असतं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलेलं असतं, मरळ काठच्या डबक्यांत आणि खाड्यांत गोळा झालेली असते, उन्हं तापायच्या आधी आणि कलल्यावर चांगली चावते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. पाऊस सुरू झाला की मरळीची जोडी काठच्या गवतात जागा साफ करून अंडी घालते, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्लं निघाल्यावर आई-बाप दोघंही त्यांच्या खाली राखण करतात. पिल्लं लालसर-नारिंगी असतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. सुपाएवढ्या जागेत पाणी बारीक पाऊस पडल्यासारखं थरथरताना दिसलं आणि आभाळातून थेंब नाही, तर ती पिल्लं हवा घ्यायला वर आलेली असतात आणि त्यांच्या खाली मरळ आहे हे नक्की. पिल्लांच्या या गोळ्यावर फ्रॉग टाकला तर मरळ तुटून पडते. भुकेपोटी नव्हे, पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती जाते. म्हणजे यात कसब काहीच नाही, नवशिक्यानं टाकला तरी येते, आणि व्हिडिओत दिसणाऱ्या कितीतरी मोठ्या मरळी अशाच धरलेल्या असतात, खाली लाल ठिपके पोहताना स्पष्ट दिसतात. आई उचलली की तो गोळा चिलापी, पाणकावळे, खंड्या, बगळे मिळून संपवतात. मी स्वतः एका सकाळी बघितलंय, कोणीतरी मरळ काढून पिशवीत टाकून निघून गेलं आणि दुपारी परत तिथं गेलो तर पाणी अगदी स्वच्छ, एक ठिपका नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं.

काही पोरं म्हणतात आम्ही फोटो काढून सोडतो की. अरे बाबांनो, ती पाण्याबाहेर असेपर्यंत खाली काय होतंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि दमलेली मरळ परत त्या गोळ्याशी पोचेलच असं नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जून ते सप्टेंबर पिल्लांचा गोळा दिसला की रील गुंडाळा आणि पुढं चला, आणि कोणी टाकत असेल तर त्याला भांडण न करता सांगा. समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते सगळ्यांना माहितीय आणि पटलेलंही आहे, मग तळ्यातल्या माशालाही अंडी-पिल्लांचा काळ असतो हे पटायला काय हरकत आहे. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे धरतात, तिथंही आता अंडी भरलेले मासे सोडा असं सांगणारे लोक आहेत. आणि शेजारच्या तेलंगणानं तर मरळीला राज्याचा मासा केलाय.

जिवंत बेडूक गळाला लावणारे अजून आहेत, त्यांनाही सांगणं आहे. बेडूक शेतातले किडे खातो, आपल्याच सरकारनं १९८७ साली बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली ती उगीच नव्हे. दीड-दोनशे रुपयांचा रबरी फ्रॉग कित्येक महिने टिकतो, जिवंत बेडकाची गरजच उरलेली नाही.

मरळ जमली की मग शिंगाळ्याकडं वळा. तो तळाचा मासा, जिगहेडवर म्हणजे शिशाचं वजन असलेल्या हुकावर रबरी मासळी लावून तळाला टेकवत टेकवत आणायची, अंधार पडताना बरा येतो, फक्त त्याच्या परांचे काटे सांभाळा, हातात घुसला की दिवसभर ठणकतं. शिवड्याचं तोंड मोठं आणि बारीक दातांनी भरलेलं असतं, त्याला जाड लीडर पाहिजे. पण शिवडा आता जगभरच्या यादीत धोक्यात आलेल्या माशांमध्ये गेलाय, उजनीतही पूर्वीसारखा दिसत नाही, म्हणून मिळाला तर ओल्या हातानं धरून पाण्यातच हूक काढा आणि जाऊ द्या. उलट आफ्रिकन मांगूर लागला तर तो मात्र परत पाण्यात सोडू नका, त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो बाकी सगळं खाऊन टाकतो, आमच्या भागात त्याची बेकायदा तळी प्रशासनानं कितीदा उद्ध्वस्त केलीत. आणि महसीरसाठी कोणी नद्या शोधत फिरत असेल तर महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाड्याजवळचं तिळसे असल्या देवाच्या डोहांत रॉड काढूसुद्धा नका, तिथले मासे गावानं पिढ्यान् पिढ्या राखलेत म्हणून उरलेत. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं तयार करून सोडायचं काम कितीतरी वर्षं चाललंय, ते वाया जायला नको.

परवानगीचं पण बोललं पाहिजे. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. तुम्ही मरळ धरता की कटला हे लांबून कोणाला कळतंय, म्हणून आधी जाऊन भेटा, नमस्कार करा, सांगा की रॉडनं धरतोय, सोडून देणार आहे. बहुतेक भोई मंडळी नाही म्हणत नाहीत, उलट जागा दाखवतात, चहा पाजतात. मुंबईत पवईवर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथं सभासद होऊन रीतसर गळ टाकता येतो, अशी सोय प्रत्येक जिल्ह्यात एका तरी तलावावर का होऊ नये? आमच्याकडं रॉडवाल्या पोराला हुसकावून लावतात आणि रात्री वडाप जाळ्यानं बोटाएवढी पिल्लं ओढणारे तसेच राहतात, हे बघून जीव तुटतो.

पोरांच्या जिवाचं सांगतो ते नीट वाचा. बॅकवॉटरला पाणी हटलं की वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ दिसतो, खाली गुडघाभर, कधी कंबरभर चिखल असतो. मासा अडकला म्हणून कोणीही पाण्यात उतरायचं नाही, दोनशेचा फ्रॉग जाऊ द्या. दुसरं, काठानं शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पसरलेल्या असतात, वरून तारा गेलेल्या असतात, आणि आजकालच्या रॉड कार्बनच्या असतात, कार्बनमधून करंट जातो. मागं-वर बघितल्याशिवाय रॉड फिरवू नका आणि वीज कडाडली तर रॉड खाली ठेवून काठावरून निघा. सांगलीकडं कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत, तिकडं तर पाण्याच्या कडेला उकिडवं बसायचं पण नाही. आणि तुटलेली ब्रेड तिथं टाकून जाऊ नका, ती कुजत नाही, भिगवणला चित्रबलाक, रोहित पक्षी चालत असतात, पायात अडकली की त्यांना सोडवणारं कोणी नसतं. खिशात एक छोटी डबी ठेवा, त्यात गुंडाळून घरी न्या.

मत्स्यव्यवसाय विभागाला आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती आहे की धरणाच्या काठावर जिथं गाड्या लागतात तिथं साधे फलक लावावेत, पिल्लांच्या गोळ्याचा एक रंगीत फोटो, जून ते सप्टेंबर इथं मरळ धरू नका एवढं एक वाक्य, आणि ठेकेदार संस्थेचा फोन नंबर. रॉडनं धरणाऱ्यांसाठी वर्षाची थोडी फी घेऊन पास द्यावा, ती रक्कम संस्थेला बीज सोडायला मिळाली तर भोई बांधवांनाही ही पोरं नकोशी वाटणार नाहीत. मेच्या आत हे झालं तर येत्या पावसाळ्यातच उपयोग होईल. पळसदेव, भिगवण, कुंभारगाव या बाजूला फलक कुठं लावायचे ते दाखवायला मी स्वतः यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, ता. इंदापूर, जि. पुणे