जुन्या घरांना आधी कौले, मग चुना

महोदय,

गोव्यातील डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे या तालुक्यांत शेते पडीक पडत गेली, तशी शेतीच्या जिवावर उभी राहिलेली जुनी चौकाची घरेही ढासळू लागली. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचे, ज्याचा 1668 साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, जतनकाम पूर्ण होऊन ते 2023 मध्ये खुले झाले, याचा आनंदच आहे. पण राजांगण (घरामधला उघडा चौक), कोठार आणि सोपा असलेली आपल्या वाड्यांवरची बहुतेक घरे कोणत्याच संरक्षित यादीत नाहीत. ती वाचवायला लाखो रुपये लागतात असे समजून लोक हात टेकतात. खरे तर त्यांना दर वर्षी, वेळेवर, थोडेसे काम लागते.

हे काम पूर्वी शेतीच्या हंगामातच उरकले जाई. मे महिन्यात शेतावरचीच माणसे कौले परतत आणि मातीच्या भिंतींना पावसाच्या बाजूने माडाची झापे बांधत. चुलीचा धूर वर्षभर वाशांना लागे, त्यामुळे लाकूड किडत नसे. शेणाने सारवलेली जमीन खालची ओल उडून जाऊ देई. आज घर दहा महिने कुलुपात, चूल थंड आणि जमिनीवर चकचकीत लाद्या. जमिनीतली ओल लादीखाली कोंडली, की ती वाट काढते भिंतीतून.

आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माकडाने सरकवलेले एक कौल तसेच राहिले, तर कौलांखालची रीप कुजते, मग वासा, आणि मग भिंतीचा माथा भिजून चिऱ्यांमधली (जांभ्या दगडांमधली) माती वाहून जाते. घर पडते ते असे, वरून खाली. राजांगणाभोवती छपराचे चार उतार जिथे मिळतात ते चार कोपरे सर्वांत धोक्याचे. तिथल्या पन्हळीत पाने साचतात, पाणी मागे चढते आणि कोपऱ्याचा वासा आतून पोकळ होतो. एप्रिलमध्ये शिडी लावून तो वासा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा. टोक आत रुतले तर तेवढाच कुजका भाग कापून सागाचा किंवा माट्टीचा (ऐनाचा) तुकडा जोडावा. अख्खे छप्पर उतरवण्याची गरज नसते.

मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात. नवी कौले जुन्यांत मिसळू नयेत. कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात, त्या नीट बसत नाहीत आणि तिथूनच गळते. शाबूत जुनी कौले गोळा करून एक पूर्ण उतार त्यांचा करावा, नवी दुसऱ्या उतारावर घालावीत. फुटलेली फेकू नयेत, त्यांचा उपयोग पुढे आहे. हल्ली छपरावर लोखंडी खांबांवर पत्रे चढवतात. पाऊस अडतो हे खरे, पण खांब जुन्या भिंतीत ठोकू नयेत आणि पत्र्याचे पाणी जोत्यावर पडू देऊ नये.

आता भिंतींविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान इथे होते आणि तेही पैसे खर्चून. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत अडकते, मीठ फुलते आणि काही पावसाळ्यांनी गिलावा पडताना चिऱ्याची सालही घेऊन जातो. भिंत थापटून पाहा. बद्द आवाज आला तर सिमेंट सुटलेले आहे. ते हातोडी-छिन्नीने काढावे, यंत्राने नव्हे, कारण चिरा त्या हादऱ्याने फुटतो. दिवाळीनंतर काढून भिंत दोन-तीन महिने उघडी सुकू द्यावी.

मग चुना. कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात टाकावा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, उसळून डोळ्यांत जातो. विझलेला चुना गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवावा. फुटलेली कौले कुटून, चाळून सुरखी करावी. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू हे प्रमाण आपल्या दमट हवेला चांगले. खाडीची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. भिंत आधी भिजवावी, एका थराची जाडी 10-12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकावे. पुष्कळ गवंडी इथेच घाई करतात आणि तडे गेले की दोष चुन्याला देतात.

काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्यांत शिंपले कुजत नाहीत, ते धरणाऱ्या खाचांच्या पट्ट्या कुजतात. पट्टी बदलली तर तेच शिंपले पुन्हा बसतात. काच लावण्याची घाई करू नये.

अडचण पैशांपेक्षा वाटणीत जास्त आहे. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने घर सर्व वारसांचे, म्हणून एक वासा बदलायलाही अनेकदा सगळ्यांची संमती शोधत बसावे लागते. वाटणी होईल तेव्हा होवो. तोवर वारसांनी एकाला फक्त देखभालीपुरते मुखत्यारपत्र द्यावे आणि दर वर्षी थोडी वर्गणी त्याच्याकडे जमा करावी.

शासनाकडे मागणी एवढीच, की यादीबाहेरच्या जुन्या घरांसाठी कौले, रिपा आणि चुना यांपुरते छोटे वार्षिक अनुदान पंचायतीमार्फत द्यावे, आणि ते वापरात असलेल्या घरांबरोबर बंद घरांनाही मिळावे. प्रत्येक तालुक्यात एक चुन्याची टाकी आणि चुन्याचे काम शिकलेले चार गवंडी असले तरी सुरुवात होईल. रक्कम ऑक्टोबरपर्यंत हातात यायला हवी. मार्चमध्ये मंजूर झालेल्या पैशात चुना मुरायला आणि भिंत सुकायला वेळच उरत नाही.

— जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक, डिचोली